उल्का हिंगमिरेचे अकरा सराव

सराव पहिला. अनुनाद चौदा.

"काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, असं आपण म्हणतो. मला सात वर्षांत दिसलं ते असं, की भेग उन्हाळ्यात पडत नाही. उन्हाळ्यात ती दिसते. कुठे पडायची, हे आधीच्या पावसाचं पाणी आत शिरतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणजे भेग सुकण्यातून येत नाही, भिजण्यातून येते."

हे उल्का हिंगमिरेने चाळीस माणसांना सांगितलं. खरं तर स्वतःच्या कुडत्याच्या गळ्याला सांगितलं, कारण तिची मान खाली होती. दोन्ही हातांनी तिने समोरच्या टेबलाची कड घट्ट धरली होती. सोडली तर सभागृह वाहून जाईल अशी. वय चौतीस. त्यातली सात वर्षं पूर्णेकाठच्या एक एकर रानात कॅमेरे लावून एकटीने काढलेली. तिथे बोलायला कुणी नव्हतं. सकाळी मातीचे फोटो, दुपारी मातीची मापं, संध्याकाळी डबा उघडून मातीकडे बघत जेवण.

चाळीस खुर्च्यांच्या पाठीवर चाळीस दिवे होते. ती बोलायला लागली तेव्हा ते मंद पिवळे होते. "भिजण्यातून येते" या शब्दांवर वाऱ्याची झुळूक आल्यासारखे एकापाठोपाठ विझत गेले. मागच्या रांगेतला एक तर पुरता काळा पडला आणि त्याच्या शेजारी बसलेली दोन कॉलेजातली पोरं फिसकन हसली.

मागच्या भिंतीवर आकडा उमटला : १४.

पास व्हायला साठ लागत.

*

तो आकडा कशाचा, हे त्या काळात शाळकरी मुलंही सांगत. एखादा माणूस समजून-उमजून बोलतो तेव्हा त्याच्या मेंदूत विजेच्या लहरींचा एक विशिष्ट आकार उमटतो. ऐकणाऱ्याला ते खरोखर कळलं, तर त्याच्याही मेंदूत काही सेकंदांनी जवळजवळ तसाच आकार उठतो. नाही कळलं, तर त्याच्या लहरी आपल्या वाटेने जातात. मान हलत असली तरी. या जुळणीला अनुनाद म्हणत. मंचावरचा संवेदक बोलणाऱ्याच्या लहरी टिपायचा, खुर्चीच्या उशीत बसवलेला ऐकणाऱ्याच्या, आणि त्या जुळल्या की दिवा लागायचा.

ही पद्धत वाईट हेतूने आलेली नव्हती. त्याआधीची कित्येक वर्षं संशोधक पडद्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून, स्वतःच लिहिलेलं वाचून दाखवत. परीक्षक पेंगत. ज्यांच्या जिवावर संशोधन चालायचं त्या लोकांना त्यातलं अक्षर कळत नसे. मग नियम आला : प्रबंध पास व्हायचा तर तो शहरातल्या सामान्य माणसांपुढे तोंडी मांडायचा आणि त्यांना तो कळल्याचा पुरावा द्यायचा. न्हाव्यापासून नर्सपर्यंत कुणीही श्रोता म्हणून नाव नोंदवू शके. कृष्णमृदा संशोधन संस्थेत तर अशा दिवशी पोहे असत, त्यामुळे नावं भराभर भरत.

खरी माणसं फक्त दोनदा यायची. पहिल्या सरावाला आणि शेवटच्या परीक्षेला. मधले सगळे सराव त्यांच्या छायांपुढे करायचे. पहिल्या दिवशी प्रत्येक खुर्चीने आपल्या माणसाच्या लहरी टिपून घेतलेल्या असत. त्यावरून हा माणूस पुढच्या वेळी कशाला उजळेल आणि कशाला विझेल याचा अंदाज खुर्ची स्वतःच बांधायची. सभागृह रिकामं आणि चाळीस खुर्च्या ऐकताहेत, असा तो प्रकार.

"आता नऊ महिने ही तुझी माणसं," डॉ. कुमुद आपटीकर म्हणाल्या.

डॉ. आपटीकर संस्थेच्या वक्तृत्व-प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. साठीच्या, सडसडीत, बोलताना चष्मा काढून त्याच्या काडीने हवेत टिंबं देणाऱ्या.

"मॅडम, मी सराव न घेता दोनदा परीक्षेला बसले आणि नापास झालेय," उल्का म्हणाली.

"माहितीये. फाइल पाहिली. तिसऱ्यांदा झालीस तर प्रबंध कपाटात जाईल, आणि आमच्या कपाटातून आजवर काही बाहेर आलेलं नाही, झुरळं सोडून."

उल्का हसली नाही. तिला नोकरीची काळजी होती, पण तेवढीच नव्हती. सात वर्षं ती एकच गोष्ट जवळ बाळगून होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. फोनवर भावाला सांगायचा प्रयत्न केला होता. तो म्हणाला होता, "बरं बरं. जेवलीस का?"

*

सराव दुसरा आणि तिसरा. वीस. सव्वीस.

श्वास. उभं राहणं. टेबल सोडणं.

टेबल सोडायलाच तीन आठवडे लागले.

*

सराव चौथा. बावन्न.

"आपण सगळ्यांनी काळ्या रानातल्या भेगा पाहिल्या आहेत. लहानपणी त्या भेगेत आपलं काही ना काही पडलंय. माझी गोटी पडली होती, निळी. मी काडीने कोरत बसले होते..."

गोटीवर सदतीस दिवे लागले. रिकाम्या सभागृहात असा उजेड झाला, की तिला स्वतःची सावली मागच्या पडद्यावर दिसली.

या सरावापासून तिच्या कपाळावर पट्टी होती. माघारपट्टी म्हणत तिला, कारण श्रोत्यांकडून जे येतं ते ती वक्त्याकडे माघारी पोचवायची. सभागृह उजळलं की पट्टीतून मेंदूच्या एका जागी हलकीशी चेतना जायची आणि छातीत ऊब वाटायची. थंडीत कुणी शाल टाकावी तशी. दिवे विझले की ऊब निघून जायची. बस, इतकंच. शिक्षा नाही, चटका नाही. मेंदू उरलेलं आपोआप शिकायचा.

त्या दिवशी ती वसतिगृहावर परतली आणि खोलीत उभी राहून गोटीचं वाक्य तिने तीनदा म्हणून पाहिलं. पट्टी नव्हती, तरी किंचित ऊब आली. कितीतरी वर्षांनी तिचं बोलणं कुणाला तरी कळलं होतं. कुणाला म्हणजे खुर्च्यांना. पण कळलं होतं.

*

सराव सातवा. एकाहत्तर.

"या भेगांचा आणि पावसाचा जवळचा संबंध आहे."

"हं," डॉ. आपटीकर म्हणाल्या. "छान बसलं. हात सुटलेत. तिसऱ्या रांगेकडे बघतेस तेही नैसर्गिक वाटतं. फक्त ते भिजण्याचं वाक्य अजून खड्ड्यात पडतंय. तिथे एकदम सगळे विझतात."

"पण तेच तर सांगायचंय."

"सांग की. पण हळूहळू आण. आधी संबंध म्हण, मग प्रभाव म्हण, मग कारण म्हण. लोकांना पायरी दे."

"आणि तो मागचा? तो सतत काळाच असतो."

"तो सोड. एखादा असतोच. पोह्यांसाठी आलेला."

उल्काने सोडला. उरलेल्या एकोणचाळीस जणांना पायरी दिली. पायरीवर दिवे लागले की ती तिथेच थोडी अधिक थांबायची, आणि पुढच्या सरावात पुढची पायरी गरजेची वाटायची नाही.

*

सराव आठवा ते दहावा. या काळात तिने स्वतः, कुणी न सांगता, काढून टाकलेली वाक्यं :

कुठे पडायची, हे आधीच्या पावसाचं पाणी आत शिरतानाच ठरून गेलेलं असतं.

त्यामुळे यंदाच्या भेगांचा नकाशा हा गेल्या वर्षीच्या पावसाचा नकाशा आहे.

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रानात एकटी होते आणि मला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

*

सराव अकरावा. चौऱ्याण्णव.

"माती सुकते आणि तिला भेगा पडतात. मित्रहो, या भेगा म्हणजे जमिनीने आपल्याशी केलेला संवाद आहे. माझ्या सात वर्षांच्या अभ्यासातून हे अधिक ठळक झालं आहे, की आपण तो ऐकायला हवा."

चौऱ्याण्णव हा संस्थेचा विक्रम होता. डॉ. आपटीकरांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. रिकाम्या सभागृहात त्या एकट्या उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. एकोणचाळीस खुर्च्या सोन्यासारख्या झगमगत होत्या. उल्का मंचावर उभी होती, हात मोकळे, मान वर, आणि ऊब इतकी होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बारावा सराव घ्यायची गरज पडली नाही.

*

परीक्षेचा दिवस. मार्च. सकाळचे साडेनऊ.

ओसरीवर पोहे चालले होते. श्रोते कागदी ताटल्या धरून गटागटाने उभे होते. उल्का कडेला, हातात प्रबंधाची प्रत घेऊन. तेवढ्यात पांढरा सदरा घातलेला एक उंच, वाळकुडा म्हातारा ताटली न घेताच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्याडम, वळखलं का? न्हाई वळखणार. मी सोपान लोखंडे. गवंडी हाय. पैल्या टायमाला आल्तो, मागं बसल्तो. माझीच खुर्ची काळी पडली व्हती. पोरं हसली."

"हो का?" उल्का छान हसली. आता ती कुणाशीही छान हसू शकत होती. "मग आज उजळणार बघा, काका."

"ते जाऊ द्या. मला कळलंय."

"काय कळलंय?"

"तुमी म्हनलेलं. त्या दिवशी काय डोक्यात शिरलं न्हाई. पर ते आत जाऊन बसलं. चाळीस वर्सं काळ्या रानात घरं बांधली मी. पाया किती बी खोल घ्या, भिंत तडकती. आन् एकाच गल्लीत एक तडकती, एक न्हाई. आमी म्हनायचो, ऊन लागतंय, झाडाचं मूळ असंल, नशीब असंल. मंग तुमी म्हनला ते भिजायचं. म्हनलं, बगू तरी."

तो दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढू लागला. नखांत चुन्याची पांढरी रेघ होती.

"अंगणात दोन चौथरे केले मातीचे. एकाच खड्ड्यातली माती, एकाच चाळनीनं चाळल्याली. एकाला झारीनं शिंपडलं, चार दिवस, थोडं थोडं. दुसऱ्यावर एकदम बादली वतली, एका कोपऱ्यातनं. पानी मोजून सारकंच. मंग सोडले उनात. ऊन तेच, वारं तेच, सुकले बी बरोबरच. पर भेगा बगा! झारीवाल्याला जाळीवानी बारीक, सगळीकडं. बादलीवाल्याला त्या कोपऱ्यापासनं निघालेल्या, आंब्याच्या पानावरच्या शिरांवानी. सुकनं एकच, आन् भेगा दोन जातीच्या! म्हंजी ठरलं कवा? भिजताना! मी बायकोला हाक मारली. म्हनलं, ये, बग, म्याडम खरं बोलल्या."

उल्का ऐकत होती. तिसऱ्या रांगेकडे बघतात तसं ती त्याच्याकडे बघत होती.

"काका, प्रयोग चांगला आहे," ती म्हणाली. "पण दोन चौथऱ्यांच्या मातीत काहीतरी फरक असणार. भेगा शेवटी सुकण्यानेच पडतात."

सोपानरावांचे हात हवेतच थांबले.

"आवो, तुमीच म्हनला व्हता की. सुकन्यातनं न्हाई, भिजन्यातनं."

"मी?"

तिने प्रबंध उघडला. पान एकशे बारा. तिचीच अक्षरं, तिचेच आकडे, तिच्याच हाताने काढलेली आकृती. वाक्यं ओळखीची होती. शब्दन् शब्द समजत होता. पण सगळा मिळून अर्थ लागत नव्हता. शेजारच्या खोलीतून बोलणं ऐकू यावं आणि आवाज ओळखीचा असूनही काय चाललंय ते कळू नये, तसं काहीतरी.

तिने पुन्हा वाचलं. छातीतून ऊब निघून गेली. पट्टी लावलेली नसतानाही.

*

"मॅडम, जुळतात म्हणजे नेमकं काय होतं?"

डॉ. आपटीकर श्रोत्यांची यादी तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे?"

"माझ्या लहरी आणि श्रोत्यांच्या लहरी. पहिल्या दिवशी चौदा, आता चौऱ्याण्णव. अंतर मिटलं. पण चाललं कोण?"

आता मान वर झाली.

"दोन तंबोरे एका स्वरात आले," उल्का म्हणाली, "तर कुणाच्या तरी खुंट्या पिळल्या गेल्या असणार. समोर तर छाया होत्या. छाया हलत नाहीत. नऊ महिने त्या होत्या तिथेच होत्या."

डॉ. आपटीकरांनी चष्मा काढला. काडीने हवेत टिंब दिलं नाही. नुसता हातात धरला.

"आम्ही अंतर मोजतो," त्या म्हणाल्या. "कोण चाललं ते मोजत नाही. तशी सोय उपकरणात नाही."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"थोडंफार सगळ्यांचंच होतं, उल्का. सुरुवातीला थोडं हरवतं, पण लोक म्हणतात की आता आमचं आम्हालाच अधिक स्पष्ट दिसतं. खूश असतात. आजवर कुणी तक्रार केलेली नाही."

"कशी करतील? काय हरवलं ते कळायला ते शिल्लक हवं ना."

बाहेर घंटा झाली. श्रोते आत येऊ लागले.

"परत येतं का ते?" उल्काने विचारलं.

"कुणी मागितलं नाही अजून. त्यामुळे माहीत नाही." डॉ. आपटीकरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, आत्ता हा विचार नको. वर जा. चौऱ्याण्णववालं बोल. पंधरा मिनिटांचं काम आहे. नंतर बसू आपण निवांत. प्रबंध पास तर होऊ दे."

*

परीक्षा.

पहिलं मिनिट. गोटी. सदतीस दिवे.

दुसरं मिनिट. अध्यक्ष डॉ. बोंद्रे समाधानाने मागे टेकले. भिंतीवर एक्याण्णव.

तिसरं मिनिट. "माती सुकते आणि..."

ती थांबली. सरावात इथे विराम नव्हता.

तिला कळत नव्हतं, पान एकशे बारावर जे होतं ते खरं आहे की खुळेपणा. पण ते लिहिणारी बाई सात वर्षं उन्हात बसली होती, आणि तिला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली होती. तिच्या बाजूने या सभागृहात बोलायला आता कुणी नव्हतं. निदान टपाल तरी पोचवावं.

उल्काने प्रबंध उघडला. मान खाली गेली. आवाज कुडत्याच्या गळ्यात गेला. पान एकशे बारा तिने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवलं, अनोळखी भाषेतली चिठ्ठी वाचावी तसं, विरामसुद्धा चुकवत.

दिवे विझले. ४०. २२. ११.

"श्रीमती हिंगमिरे," डॉ. बोंद्रे म्हणाले, "हे काय चाललंय? याचा खुलासा करा."

"मला करता येत नाही."

"तुमचाच प्रबंध आहे ना?"

"हो. लिहिला तेव्हा मला कळत होतं. आता कळत नाही."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. डॉ. आपटीकर दाराशी खाली बघत उभ्या होत्या. डॉ. बोंद्रेंनी घसा खाकरला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "सभेतून कुणाचा काही प्रश्न?"

मागच्या रांगेत सोपान लोखंडे उभे राहिले.

"प्रश्न न्हाई सायेब. उत्तर हाय."

"इथे फक्त प्रश्न विचारता येतात."

"मंग असं इचारतो : मी पुढं येऊन सांगू का?"

आता मात्र सगळं सभागृह हसलं, आणि त्या हसण्यात डॉ. बोंद्रेंना नाही म्हणता आलं नाही.

सोपानराव मंचावर चढले. माईक कुठे धरायचा ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि हात मोकळे केले. उल्का खाली उतरली आणि पहिल्या रांगेत, न आलेल्या एका श्रोत्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली. डोकं उशीला टेकलं. बरं वाटलं टेकून.

"दोन चौथरे," सोपानराव म्हणाले आणि थांबले. घाई नव्हती. लोक विझलेलेच होते. त्यांनी झारी धरून दाखवली. बादली उचलून दाखवली. मधेच "चार दिवस न्हाई, पाच" अशी दुरुस्ती केली. बायको काय म्हणाली ते सांगितलं. दहा मिनिटं झाली, एकही दिवा नाही. डॉ. बोंद्रे घड्याळ बघू लागले.

मग पाचव्या रांगेत एक लागला. एक नर्स होती. ती अर्धवट उठून म्हणाली, "अगंबाई."

मग दोन. मग सहा. आकडा हळू चढत होता, मधेच घसरत होता, पुन्हा चढत होता. सोपानराव आकड्याकडे बघत नव्हते, त्यांना तो कशाचा ते माहीतच नव्हतं. "आन् हे मी शोधल्यालं न्हाई बरं का," ते म्हणाले. "हे म्याडमचं हाय. मी निस्तं करून बगितलं." लोक आपसात कुजबुजू लागले. कुणी विचारलं, "म्हणजे भेगा बघून गेल्या वर्षीचा पाऊस सांगता येईल?" आणि सोपानराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "हां! तेच!" डॉ. बोंद्रेंनी घड्याळ खिशात टाकलं आणि कागद ओढून काहीतरी काढायला सुरुवात केली. पंचावन्न. साठ. अडुसष्ट. सभागृह उजेडाने भरत चाललं.

उल्का पुढे वाकून ऐकत होती. मग तिला आठवलं की डोकं उशीला लागायला हवं, म्हणून पुन्हा मागे टेकली. तिने डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. झारी कळत होती. बादली कळत होती. ऊन एकच, हेही कळत होतं. त्यानंतर ते सगळे जण कुठेतरी निघून जात होते आणि ती मागे राहत होती. शेजारच्या बाईने तिच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि सभ्यपणे नजर वळवली.

सोपानरावांचं बोलणं संपलं. टाळ्या झाल्या, खूप वेळ. उल्कानेही वाजवल्या, आजूबाजूला बघत, सगळ्यांच्या किंचित मागून.